हौशीचं सोंग

सूर्यमाळजवळच्या पाड्यावरच्या हौशीला माणसं कधी आवडली नाहीत. त्यांची सोंगं काढायला मात्र फार आवडे. जन्म दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीत गेला. दिवसभर मुकादमाची चाल, मालकिणीचा तोरा डोळ्यांत साठवायचा आणि संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली बाया जमल्या की एकेकाला उभं करायचं. तिच्या लेखी सगळे सारखेच बिनकामाचे.

म्हातारपणी अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. तेव्हापासून तिने घराबाहेर पडणंच सोडलं. शेजारची चिमी बोलवायला आली, तर हौशी भिंतीकडे तोंड करून निजली.

मोखाड्याच्या दवाखान्यातली वर्षाली घरी येऊ लागली. लुळ्या हातापायांना पुन्हा कामाला लावणं हे तिचं शिक्षण. तिने पिशवीतून रबरी चेंडू काढला. हौशीने तो डाव्या हाताने कुत्र्याकडे भिरकावला.

"एवढं शिकून पोरांचा खेळच आला का तुला?"

वर्षालीने चेंडू परत काढला नाही. आजीचा जीव कशात रमायचा, असं तिने सून रुपीला विचारलं. लोकांना नावं ठेवण्यात, रुपी म्हणाली. मग तेच परत आणू, आजीला पुन्हा मोहाखाली नेऊ, असं वर्षालीने ठरवलं.

"तिथं गेले तर माझंच सोंग काढतील," हौशी म्हणाली. "त्यांच्या जागी मी असते तर मीपण काढलं असतं."

वीटभट्टीवरून आलेल्या जैतूने, तिच्या लेकाने, घरापासून मोहापर्यंतच्या उतारावर बांबूचा कठडा बांधला आणि मोहाखाली उंच बाकडं ठोकलं, कारण तिला खाली बसलं की उठवत नव्हतं. कठडा धरून चालताना हौशी वर्षालीला शिव्या घाली. वर्षाली म्हणे, सावकाश घाल, शब्द कळू दे. शिव्यांनीच जीभ सुटत गेली.

अखेर ती बाकड्यावर जाऊन बसली. आणि झालं तेच. चिमी उठली आणि पाय ओढत चालून दाखवू लागली. रुपीने मान खाली घातली.

हौशी चिमीकडे बघत राहिली, एखाद्या नासक्या भाताकडे बघावं तशी.

"उजवी तंगडी ओढायची, डावी नाय. आन् तोंड कोण वाकडं करेल? तुला माझं सोंगपण येत नाय."

मग कठड्याला धरून ती स्वतःच उठली आणि तिने स्वतःचंच सोंग काढून दाखवलं. बाया पोट धरून हसल्या. चिमीने पुन्हा केलं, पुन्हा चुकलं.

परतताना हौशी रुपीला म्हणाली, एकीलाही अक्कल नाय. उद्या जरा लवकर निघू.