दाजींची साखरगाडी

आमचे दाजी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. दिवसभर लोकांच्या नजरा सुधारायच्या आणि संध्याकाळी मागच्या खोलीत पालथं पडून खेळण्यातल्या आगगाड्या चालवायच्या, असा त्यांचा क्रम. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं त्यांना खपत नाही. 'लहान' म्हणायचं.

लग्न ठरताना आमच्या बाबांच्या कानावर एवढंच आलं होतं की मुलाला रेल्वेची फार आवड आहे. बाबा खूश. म्हणाले, पोरगी चार गावं बघेल. ताईने आजवर एकच बोगदा पाहिलाय, तोही कपाटाखालचा.

लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाला दाजींनी तिच्या हातात मखमली डबी ठेवली. ताईचा चेहरा खुलला. डबीत इंजिन.

"हे माझ्यासाठी?"

"मग! रंग बघ ना, तुझ्या आवडीचा जांभळा."

"आणि चालवणार कोण?"

"तुला दगदग नको म्हणून मीच चालवीन."

लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी तिच्यासाठी अख्खं स्टेशन बांधलं. पाटीवर तिचं माहेरचं लाडाचं नाव, 'चिमणी'. ताईला भरून आलं. ती जमिनीवर बसून गाडीची वाट बघू लागली. गाडी आली, शिट्टी वाजवली आणि भुर्रकन निघून गेली.

"अहो, थांबली का नाही?"

"अगं, एक्स्प्रेस आहे ती. किरकोळ स्टेशनं घेत नाही."

ताई उठली, स्वयंपाकघरातून बटाटा आणला आणि रुळावर ठेवून दिला. दाजी याला घातपात म्हणाले, ताई आंदोलन. जेवायची वेळ टळून गेली तशी मागणी मान्य झाली.

पुढे ताईने त्यांना स्वेटर विणून दिला. एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत डबेच डबे आणि बोगद्याचं तोंड बरोबर पोटावर. विणला होता टोमणा म्हणून. दाजींनी तो मानाचा पोशाख समजून थेट दुकानात घातला आणि नंबर तपासायला आलेल्या एका आजोबांना तक्त्यावरच्या अक्षरांऐवजी पोटावरचे डबे मोजायला लावले.

ताई बँकेत आहे. एकदा तिचे साहेब घरी चहाला यायचे होते. नेमका तोच मुहूर्त साधून दाजींनी तिच्यासाठी नवी भेट तयार ठेवली होती. भिंतीला भोक पाडून त्यांनी स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत लाइन टाकली होती, म्हणजे ताईला सारखं उठायला नको.

मी साहेबांशेजारीच बसलो होतो. नवे बूट चावत होते म्हणून साहेबांनी एक बूट हळूच काढून सोफ्याजवळ ठेवला होता. ताई चहा ओतत होती. तेवढ्यात भिंतीतून शिट्टी झाली आणि साखरेने भरलेली मालगाडी ऐटीत बाहेर आली. वळणावर ती कलंडली, रूळ सोडून घसरत गेली आणि थेट साहेबांच्या बुटात शिरली. आतून आणखी एक शिट्टी ऐकू आली.

साहेबांनी बूट उचलून उलटा केला. आधी साखर पडली, मग इंजिन.

"या वयात हे असले खेळ?" साहेब हसले. "तुमच्या मिस्टरांना घरात कोणी काही बोलत नाही का?"

दाजींचं तोंड एवढंसं झालं. ताई तोवर त्यांच्याकडेच डोळे वटारून बघत होती. ती गर्रकन साहेबांकडे वळली.

"खेळ नाही हो तो. वळण जरा आखूड झालंय, एवढंच. आणि साहेब, तुम्ही बूट रेल्वेच्या हद्दीत ठेवला होता."

साहेबांनी रुळाकडे बघितलं, बुटाकडे बघितलं. "सॉरी हं," म्हणाले आणि बूट मांडीवर घेऊन बिनसाखरेचा चहा प्यायले.

ते गेल्यावर दाजी नुसते ताईकडे बघत राहिले.

"काय बघताय? भरल्या गाडीला एवढा वेग देतात का कोणी? सरका तिकडे."

दोघंही पालथे पडून सोफ्याखाली घुसले. वळण किती मोठं करायचं यावरून आत कडाक्याचं भांडण सुरू झालं. मी निघतो म्हणून दोनदा सांगितलं, पण कोणाचं लक्षच नव्हतं. शेवटी दाराकडे वळलो, तेव्हा सोफ्याखालून ताईचा आवाज आला.

"दार ओढून घे रे. आणि पाय उचलून जा, लाइन चालू आहे!"