मोठं करून घेतलेलं पान

वसई गावात माझं झेरॉक्सचं दुकान होतं, तेव्हा चाळिशीतल्या एक बाई यायच्या. घर जवळच, गावातल्या होळी भागात, तरी रिक्षाने यायच्या. आल्या की कागदाच्या खोक्यावर बसायच्या आणि दम खाऊन मगच बोलायच्या. कधी अर्ध्या वाक्यात थांबायच्या. मी वाट बघायचो.

या थकव्यापायीच त्यांची बँकेतली नोकरी सुटली होती. आजारपणाच्या विम्याचे पैसे मागितले, तर विमा कंपनीच्या डॉक्टरांचं म्हणणं, आजार मनाचा आहे, रोज थोडं चालणं वाढवा. मोठ्या डॉक्टरांच्या समितीने या आजारावरच्या पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. बाईंनी इमानेइतबारे चालणं वाढवलं आणि तीन महिने अंथरुणाला खिळल्या.

एकदा त्यांनी ती पुस्तिकाच पुढे केली. "शेवटचं पान होईल तेवढं मोठं करून द्या."

त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत समितीतल्या डॉक्टरांची नावं होती आणि कोण कुठल्या विमा कंपनीचा सल्लागार, तेही होतं. बाईंना तपासणारे डॉक्टर त्यातच होते. मी अख्ख्या मोठ्या कागदावर ते पान काढून दिलं. मला वाटलं, आता ते डॉक्टर कसे सुटतील.

पुढच्या आठवड्यात विचारलं, "दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाले, छापलंय की सगळं, लपवलंय कुठे?"

म्हणजे बारीक अक्षरात कबुली दिली की माणूस मोकळा.

बाई कागदाची घडी घालत होत्या. मध्येच थांबल्या, हात मांडीवर ठेवला.

"मी तरी माझा थकवा कुठे लपवला होता?"