राऊत मॅडमनी मागे घेतलेलं चित्र

कुणी आधीच उत्तर सांगू लागलं, की राऊत मॅडम कानात बोटं घालायच्या. अमरावतीच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी ते पाहून मी चक्रावले. "थांब वं! माझं गणित होऊ दे. दोन साक्षीदार एका टपरीवर चहा प्याले, की साक्ष गेली." त्यांचे वडील अकोल्यात वकील होते.

आमच्या घरात कॉलेजला आलेली मीच पहिली. कृष्णविवराचं चित्र कुणीतरी एकटाच मोठ्या दुर्बिणीतून काढतो, असं मला वाटायचं. मॅडमनी समजावलं, की जगभरच्या दुर्बिणी एकाच वेळी तिकडे रोखतात. मग त्या नोंदींवरून वेगवेगळे गट, एकमेकांशी न बोलता, चित्र तयार करतात. जुळली तरच खरी. अशा चार गटांत एक आमचा होता, एक अकोल्याचा. निवृत्तीआधीचं मॅडमचं हे शेवटचं काम.

आमचं चित्र अर्धवट असताना अकोल्याच्या गटातल्या मैत्रिणीने त्यांचं चित्र मला मोबाइलवर पाठवलं. नियम मला माहीत होता. पण कृष्णविवराभोवतीचं, खालून उजळ असलेलं ते कडं पाहून राहवलं नाही. मोबाइल सरळ मॅडमसमोर धरला.

त्यांनी डोळे मिटले. उशीर झाला होता.

"पत्र लिही. आमचा गट धरू नका म्हणून."

मी गारच पडले. "कावून मॅडम? कोणाले समजते?"

"आता माझा हात तिकडेच वळन. कडं नोंदीत हाये म्हणून काढलं, का मोबाइलात पाहिलं म्हणून, मलेच कसं समजन?"

पत्रात मी 'मी दाखवलं' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून 'मी पाहिलं' केलं.

सगळ्या गटांच्या बैठकीत उरलेली तिन्ही चित्रं जुळली. परतल्यावर मॅडमनी आमचं अर्धवट चित्र उघडलं. खालची बाजू तशीच उजळ. मला रडू फुटलं. "आपलं बरोबर होतं!"

"होतं ना. पण आता कोणाच्या कामाचं नाही."

निवृत्तीनंतर त्या अकोल्याला गेल्या, तिथल्याच गटाला मदत करू लागल्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या खेपेस चित्र तू काढ, पोरी. अन् मले दाखवू नको."

नव्या नोंदी आल्या. मॅडम रोज फोन करतात. आईची तब्येत, मेसचं जेवण, सगळं विचारतात. काल माझं चित्र पूर्ण झालं. तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"काय चाललं वं?"

मी म्हणाले, "मेसमध्ये आज पुन्हा वांग्याची भाजी होती."