लाल टोपीतले स्टेशनमास्तर

ज्या जर्मन गावात माझा संसार सुरू झाला, तिथल्या स्टेशनात आता बेकरी आहे. तिकिटाच्या खिडकीतून पाव मिळतात आणि तिकिटं फलाटावरच्या यंत्रातून. काल नातीबरोबर तिथे कॉफी प्यायला गेले, तर भिंतीवर लाल टोपीतल्या स्टेशनमास्तरांचा फोटो दिसला.

तेव्हा मी कामाला निघायची रोज उशिरा. एसटीला दाखवावा तसा लांबूनच हात दाखवत, निऱ्या सावरत धावायची, आणि गाडी उभी असायचीच! बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, आईला पत्रात कळवलं, 'जर्मन गाड्या वक्तशीर असतात ही निव्वळ अफवा.' आणि आपल्या रूपाला गाडीसुद्धा थांबते, असं मनात.

मी फोटो निरखतेय हे पाहून बेकरीवाली म्हणाली, "माझे सासरे. साडीतल्या एका मुलीसाठी गाडी थांबवायचे. वरून लेखी ताकीद आली, तरी थांबवायचे. तिने मात्र कधी वळून पाहिलं नाही म्हणे."

"आजी, तू?" नात कुजबुजली.

"मीच ती गाढवीण."

स्टेशनच्या इतिहासात इमारत कुणी बांधली ते लिहितात. एका माणसाने गाडी सोडायची हातातली हिरवी तबकडी रोज अर्धं मिनिट उशिरा उचलली, हे कोण लिहिणार?

मी उठले आणि पावाच्या रांगेसमोरच फोटोला वाकून नमस्कार केला.

"आजी, लोक बघतायत!" नात लाजून लाल झाली.

लाजू दे. तिच्या वयात मी लाजायचं सोडून मिरवत होते.