दाजींच्या घरचा कोष

इंद्रलोकमधल्या आमच्या मजल्यावरचे दाजी मूळचे राजापूरचे आणि वेळेचे पक्के. त्यांच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर वर्षी फुलपाखरांचे कोष लागत आणि फुलपाखरे नेमकी सकाळीच बाहेर पडत. याचे श्रेय दाजी घरच्या वळणाला देत.

यंदा नवरात्रात माणगावहून नात आली, सान्वी. ती परत जाण्याआधी तिला फुलपाखराचा जन्म दाखवायचाच, असे दाजींनी ठरवले. कोष काळसर झाला, म्हणजे घटका जवळ आली. तेव्हा दाजींच्या पत्नी चंपाकाकूंनी कढीपत्त्याची ती लहानशी कुंडी उचलून घटाशेजारी, अखंड दिव्याजवळ ठेवली.

"बाळंतपण देवीसमोर होऊ दे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी दाजींनी सारा मजला जमवला. चहा झाला, पोहे झाले, कोष ढिम्म.

"दाजी, हिरोईन अभी मेकअप में है क्या?" असे विचारून समोरच्या नीलमबेन निघाल्या. त्यांच्यामागे बाकीचेही पांगले.

प्राणिशास्त्र शिकणारी शेजारची संचिता तेवढी थांबली. "काका, किड्यांच्या अंगात घड्याळ असतं. उजेड-अंधारावर ते लागतं आणि त्याप्रमाणे बाहेर पडायचं हार्मोन सुटतं. इथे रात्रभर दिवा जळतोय. त्याला सकाळ कळणार कशी?"

"मग दिवा जरा..."

"विझवून तर बघा!" आतून चंपाकाकू.

"बरं, कुंडी हलवतो."

"घटापाशी मांडलेलं उत्थापनाआधी हलवायचं नसतं. एवढंही कळत नाही?"

सान्वीची एसटी दुसऱ्या दिवशीची होती. दिवेलागणीला दाजींनी गावी कोंबड्या टोपलीखाली डालतात तशी कुंडीवर बादली पालथी घातली. "निजा आता," ते कोषाला अदबीने म्हणाले.

उजाडताच त्यांनी सान्वीला शेजारी बसवून बादली उचलली. बादलीचा गुण की दिवसच भरले होते, कोण जाणे. कोष उकलू लागला होता.

"अगं, आलं! थांब, सगळ्यांना बोलावतो!" म्हणत दाजी अनवाणीच धावले आणि त्यांनी मजल्यावरची एकूण एक बेल वाजवली. आम्ही डोळे चोळत पोहोचलो तेव्हा रिकामे टरफल फांदीला होते आणि फुलपाखरू पंख पसरून वाळवत होते.

"दाजी, आपने तो देखा ना?" नीलमबेननी विचारले.

दाजींनी नकारार्थी मान हलवली, पाट ओढला आणि नातीसमोर मांडी घातली.

"हं, सान्वी. पहिल्यापासून सांग. आधी काय बाहेर आलं?"