आमचे वायरमनचाचा आणि बोळातला दिवा

निराश होण्याच्या बाबतीत आमच्या वायरमनचाचांचा हात धरील असा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून सापडायचा नाही. कडेगावातल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्यांनी केलंय आणि त्यातलं एकही पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल असं त्यांना वाटत नाही. गेली चाळीस वर्षं वाटत नाही. बोर्ड उघडला की आधी ते मान हलवतात, मग चष्मा कपाळावर सरकवतात आणि जमलेल्या घरच्यांकडे वळून, दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलावं तशा हळू आवाजात म्हणतात, "लय उशीर केला तुमी." त्यानंतर आधीच्या वायरमनचा उद्धार सुरू होतो. एकदा आमच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डासमोर उभं राहून त्यांनी दहा मिनिटं असं यथेच्छ तोंडसुख घेतलं, आणि आतल्या फळीवर पेन्सिलीनं केलेली त्यांचीच सही निघाली. चाचांनी तिच्यावरची धूळ फुंकली, "त्या वक्ताला मालच तसला यायचा," म्हणाले आणि चहा मागितला.

दिवा लागला तरी त्यांना आनंद होत नाही. "पेटला खरा," असं म्हणून ते त्याच्याकडे बघत राहतात, जणू दिव्यानं काहीतरी लपवलंय. त्यांच्याच पुतण्याच्या लग्नात जनरेटर त्यांच्याकडे होता. तो बंद पडणार याची त्यांना इतकी खात्री की बिर्याणीची पंगत सोडून ते त्याच्याजवळच उभे राहिले. जनरेटर शेवटपर्यंत चालला. चाचा उपाशी राहिले आणि वर त्यांची निराशाही झाली.

असल्या माणसाच्या हातात मी पुण्याहून आणलेली स्मार्ट बटणं ठेवली. हौस म्हणून नव्हे. आबा, म्हणजे माझे वडील, घरात एकटेच राहतात. न्हाणीघराकडे जायच्या बोळातला दिवा बरेच दिवस बंद होता आणि त्या अंधारात ते पडले. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. मी म्हटलं, आता पुण्याला चला. ते म्हणाले, "मला हितनं हलवू नगंस." शेवटी तोड निघाली ती अशी, की चाहूल लागताच आपोआप लागणारे आणि मला पुण्यातून फोनवर दिसणारे दिवे घरभर बसवायचे. ते बसले तर आबा राहतील, नाही बसले तर माझ्याबरोबर येतील. आबांनी हे कबूल केलं, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चाचांनी बटण उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हंजे फोनवरनं हुकूम सोडायचा आन् दिवा लागणार? माझी बायकू चाळीस वर्सं हुकूम सोडतीया. मी कवा उठलो?" मग बोर्ड उघडून त्यांनी शोकवार्ता सांगितली. असल्या बटणाला जगायला न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर लागते, आणि जुन्या घरात ती बोर्डात येतच नाही, वरूनच दिव्याकडे जाते. "तुमचं घर म्हातारं हाय गड्या. त्येला ह्ये औषध झेपायचं न्हाई." असं म्हणत म्हणत त्यांनी दोन दिवसांत सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर, सगळीकडे न्यूट्रल उतरवून बटणं बसवलीसुद्धा. सगळी चालली. चाचांचा चेहरा आणखीच उतरला.

राहिला बोळ. तिथे मात्र चाचा जाईनात. एक दिवस शिडी नव्हती, एक दिवस गुडघा दुखत होता, एक दिवस शिराळ्याचा कुणी पाहुणा आला. माझी रजा संपत आली तसा माझा संयमही संपला. मी शिडी आणून बोळात उभी केली आणि म्हणालो, "चाचा, उद्या मी आबांना गाडीत घालून नेतो. मग बसा गुडघा चोळत." आबा खुर्चीवर होते. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते शिडी चढले. होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"करंट हाय," चाचा वरूनच म्हणाले. "न्यूट्रल न्हाई. ती भिंतीपलीकडनं येत हुती."

भिंतीपलीकडे माझ्या काकांचं घर. पूर्वी दोन्ही मिळून एकच घर होतं. वीस वर्षांपूर्वी वाटणी झाली, मधोमध भिंत उभी राहिली आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. गेल्या उन्हाळ्यात काका गेले. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत होतं, तरी आबा मातीला गेले नाहीत, दार लावून आत बसले. दिवस झाल्यावर काकांच्या मुलांनी वीज तोडून घेतली, घराला कुलूप लावलं आणि ते ठाण्याला गेले.

"वाटणीच्या वक्ताला तुमी दोघांनी मला सांगितलं हुतं, वायरी येगळ्या कर," चाचा आबांना म्हणाले. "समद्या केल्या. ही येक ऱ्हायली. म्हंजे ठिवली. म्हटलं, कवा तरी दिवा जाईल, आबा इचारतील, मी सांगीन की वायर पल्याडनं हाय. मग भावाला हाक मारावीच लागंल. पर वीस वर्सं दिवा गेलाच न्हाई, आबा. जोड लय पक्का बसला माझा."

जन्मभर सगळं बिघडणार म्हणून बसलेल्या या माणसानं आयुष्यात एकदाच एक आशा धरली होती आणि तीही काहीतरी बिघडण्याची. ते काम मात्र बिघडलं नाही. मला हसू यायला हवं होतं. मी नुसती शिडी धरून उभा राहिलो.

आबा वर, त्या काळ्या पडलेल्या होल्डरकडे बघत होते. मग म्हणाले, "तो गेला तवाच दिवा गेला व्हय. आन् मी तीनदा बलब बदलला."

चाचा शिडीवरून उतरले आणि तिथेच पायरीवर बसले. त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. थोड्या वेळानं उठून त्यांनी आमच्याच मीटरवरून नवी न्यूट्रल ओढली. जुनी वायर उपसून काढायला पक्कड लावली, तेव्हा आबा म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे." चाचांनी तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि ती पुन्हा भिंतीत सारली.

आबा कडेगावातच राहिले. मी पुण्यात ऑफिसात बसून फोनवर त्यांच्या घरातले दिवे बघतो. बाकीचे वेळेवर लागतात, वेळेवर विझतात. बोळातला मात्र कुणीतरी हातानं चालू करून ठेवतं, तेही भर दुपारी, चांगला लख्ख उजेड असताना. इथून बोट लावलं की तो बंद होईल. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी काळजीनं आबांना फोन केला. तो चाचांनी उचलला.

"आबा कुठायत? दुपारचा दिवा का लावलाय?"

"हैत की हितंच, खुर्चीवर. बंद करू नगंस रं," चाचा म्हणाले. "आमी बसलूया न्हवं त्याखाली."