परत परत विकला जाणारा भोपळा

नगरला माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. संशय घेणं हेच माझं पोटापाण्याचं साधन, त्यामुळे घरचे मला शंकासुर म्हणतात. अफरातफर करणाऱ्याच्या तोंडावर तसं लिहिलेलं नसतं आणि न करणाऱ्याच्याही नसतं, एवढं मी या धंद्यात शिकले. म्हणून दारात येणाऱ्या प्रत्येक संस्थेला सांगते, पैसे घेणारा वेगळा ठेवा, पावती फाडणारा वेगळा आणि बँकेत भरणारा वेगळा. आमच्याच गावच्या चर्चमध्ये मात्र ही तिन्ही कामं माझी आत्या एकटी करत होती. दिव्याखाली अंधार!

तिसगावच्या बाजूला आमचं गाव. सुगी झाली की उपकारस्तुतीच्या सणाला जो तो आपल्या रानातलं, घरातलं काहीतरी देवापुढे आणतो. बाजरी, अंडी, कोंबडी, भोपळा. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. भोपळा घेणारा तो घरी नेत नाही. पैसे देतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो. मग तोच भोपळा दुसरा कोणी चढ्या बोलीनं घेतो, परत ठेवतो. उन्हं कलेपर्यंत हे चालतं आणि शेवटी भोपळा पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरी शिजतो. बाहेरच्या माणसाला हा येडेपणा वाटेल. मला देण्याची याहून चांगली रीत माहीत नाही.

एका वर्षी माझा चुलतभाऊ चर्चच्या कमिटीत आला. सुप्याच्या कंपनीत इंजिनियर, हुशार आणि थोडा आगाऊ. त्यानं सगळ्या लिलावाचं मोबाईलवर चित्रण केलं, बोल्या मांडल्या आणि बेरीज केली. बँकेत भरलेली रक्कम त्याहून कमी निघाली. त्यानं कमिटीत आत्याला विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘बोलले तेवढे आले न्हाईत.’’ कोणाचे आले नाहीत, ते काही केल्या सांगेना. मग कमिटीनं ठरवलं की येत्या रविवारी हा विषय सगळ्या मंडळीपुढे ठेवायचा.

मी त्याच्या आदल्या दिवशी गावी गेले.

‘‘आत्या, नावं सांग. नाहीतर तुझं नाव जाईल.’’

‘‘बोली देवापुढं केलेली असती पोरी. एखाद्याला न्हाई जमलं, म्हनून त्याचं नाव मी चारचौघांत घेऊ व्हय?’’

‘‘अगं, लोक तुला चोर म्हणतील!’’

‘‘म्हनू दे.’’

मला मनापासून राग आला. ‘‘तुझ्या चांगुलपणाची पावती नसते,’’ मी ओरडले. ती चहा ठेवायला उठली. चुलीपुढची तिची वाकलेली पाठ बघून मला रडू यायला लागलं. माझ्या लहानपणापासून ही बाई त्या चर्चचा पैसा सांभाळत आली होती, आणि उद्या तिथंच तिला मान खाली घालून उभं राहावं लागणार होतं.

तिथून मी चुलतभावाकडे गेले आणि चित्रण दाखव म्हणाले. त्यानं मोठ्या हौसेनं लावलं. कोंबडीची बोली चालू झाली, आणि मोबाईल धरणाऱ्याचाच दणदणीत आवाज आला, ‘‘तीन हजार!’’ कोंबडी त्याला सुटली.

मला आठवलं, सणानंतर यानंच मला फोन करून या तीन हजारांवर आयकरात सूट मिळेल का, म्हणून विचारलं होतं. कोंबडी घेतलीस ती खरेदी झाली, आणि आपल्या चर्चच्या देणगीला सूट नाही, असं मी सांगितलं होतं.

‘‘ते पैसे दिलेस?’’ मी विचारलं.

त्यानं चित्रण थांबवलं. ‘‘मोबाईलवरून पाठवतो म्हणालो होतो तिला. राहूनच गेलं.’’

‘‘आणि कोंबडी?’’

‘‘खाल्ली,’’ तो म्हणाला आणि खाली बघत बसला.

रविवारी तो आपणहून उभा राहिला आणि सगळं बोलला. मग आणखी दोघंतिघं उठले. आत्यावरचं किटाळ गेलं, पण चर्चच्या पैशाच्या पेटीची किल्ली तिनं त्याच दिवशी पाळकांच्या हातात दिली. पुढचे नियम मी घालून दिले. आधी पैसे, मग पावती, मग वस्तू, आणि तिन्हीकडे वेगळी माणसं. असे नियम प्रामाणिक माणसाचीच जास्त राखण करतात, असं मी सगळ्यांना बजावलं. आजही मला ते पटतं.

पण पुढच्या सणाला बोली दबकीच राहिली. जो तो खिसा चाचपून बोलायचा. पावत्या छान फाटत होत्या आणि वस्तू मुकाट घरी चालल्या होत्या. भोपळा आला तेव्हा कोणी तोंडच उघडलं नाही. मला फार वाईट वाटलं. हिशेब चोख ठेवता ठेवता मी सणच आटवला की काय!

तेवढ्यात बायकांतून आत्या उठली. तिनं दोनशे रुपये मोजले, पावती घेतली, चष्मा लावून नीट वाचली आणि भोपळा परत टेबलावर ठेवला.

‘‘माझ्याकडं पावती हाय,’’ ती म्हणाली. ‘‘आता बोला की पुढं.’’

मागून चुलतभावाचा आवाज आला, ‘‘पाचशे!’’

‘‘आदी पैसे,’’ आत्या म्हणाली. ‘‘कोंबडी ध्यानात हाय माझ्या.’’